सही करण्याआधी...

"गाडीतलं तुला काय कळतंय?" हे वाक्य लग्नानंतर इतक्या वेळा ऐकलं, की मलाही ते खरं वाटू लागलं होतं!

२०२४ च्या पावसाळ्यात बाजारातल्या वळणावर आमच्या गाडीला ट्रॅक्टरची ट्रॉली घासली आणि पुढचं डावं चाक गटारात गेलं. देवाच्या दयेनं कुणाला लागलं नाही. विमा होता. कंपनीनं आपल्या यादीतलं गॅरेज सुचवलं, सर्व्हेअर पाहून गेला, बाराव्या दिवशी "गाडी तयार" असा फोन आला. हे परगावी, म्हणून मीच गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, फुली आहे तिथं सह्या करा." मी केल्या. त्यातला एक कागद म्हणजे 'काम समाधानकारक झालं' असं पत्र होतं!

तिसऱ्या दिवशी सासूबाईंना डोळे तपासायला घेऊन निघाले. घाटात गाडी आपोआप डावीकडे ओढू लागली, स्टिअरिंग थरथरायला लागलं. मागे एसटी, बाजूला दरी. सासूबाईंनी देवाचा धावा सुरू केला. कशीबशी गाडी कडेला घेतली.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. गॅरेजवाले म्हणाले, "कंपनीनं मंजूर केलं तेवढं आम्ही केलं." कंपनी म्हणाली, "आम्ही पैसे दिले, दुरुस्तीचं गॅरेजला विचारा. शिवाय तुमची सही आहे."

आमच्या बचत गटात कायद्याची माहिती द्यायला एक वकीलताई येतात. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, बिल वाचलंत का?" नव्हतं वाचलं. घरी येऊन वाचलं. त्यात चाकाला धरून ठेवणाऱ्या 'लोअर आर्म'ची नवीन म्हणून किंमत लावलेली. गावातल्या मेकॅनिकनं गाडी उचलून दाखवली. जुनाच भाग ठोकून सरळ केलेला, वर काळा रंग! त्यानं तसं लिहून दिलं, मी फोटो काढले.

वकीलताईंनी समजावलं ते तुम्हालाही सांगते. पैसे घेऊन केलेलं सदोष काम म्हणजे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार 'सेवेतील त्रुटी'. विम्याचे पैसे परस्पर गॅरेजला गेले तरी आपण ग्राहकच. हप्ता आपणच भरलेला असतो ना! विमा कंपनी प्रत्येक वेळी दोषी ठरेलच असं नाही. पण गॅरेज तिनं सुचवलेलं, काम तिच्या सर्व्हेअरनं पाहिलेलं असेल, तर तिलाही जाब विचारता येतो. म्हणून तक्रारीत दोघांचीही नावं घालायची. कुणाची जबाबदारी किती, ते आयोग ठरवतो.

आणि ती सही? फसवून, दबाव आणून किंवा चुकीची माहिती देऊन ती घेतली हे दाखवता आलं, तर नुसत्या सहीनं तक्रारीचा हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्येच एका विमा प्रकरणात म्हटलं आहे.

तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, घडल्यापासून २ वर्षांच्या आत. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तक्रार फक्त विमा कंपनीबद्दल असेल तर विमा लोकपालांकडे विनाशुल्क जाता येतं. मात्र आधी कंपनीला लेखी कळवून महिनाभर वाट पाहायची. तोच वाद आयोगात चालू असेल तर लोकपाल तो घेत नाहीत.

मी दोघांनाही बिल, फोटो जोडून रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली. न बसवलेल्या भागाचे पैसे आपण भरले, हे कळल्यावर कंपनी जागी झाली. सर्व्हेअर पुन्हा आला, गॅरेजनं नवा भाग फुकट बसवून दिला. नुकसानभरपाई मी मागितली नाही, तिथं माझं चुकलंच.

तेव्हा मैत्रिणींनो, गाडी ताब्यात घेताना बिल वाचा, बदललेले जुने भाग दाखवायला सांगा, एक चक्कर मारून या आणि मगच सही करा. शंका असेल तर सहीशेजारी तसं लिहा.

परवा गाडी सर्व्हिसिंगला द्यायची होती. हे म्हणाले, "तूच जा. तुला त्यातलं कळतं!"