सुरगाठ

ठाण्यातल्या एका दवाखान्यात ग्रूमिंग चालू असताना चाऊ चाऊ जातीच्या कुत्र्याला लाथाबुक्क्यांनी मारल्याची चित्रफीत फेब्रुवारी २०२४ मध्ये घरोघरच्या फोनवर पोहोचली. तेव्हापासून सलूनच्या दारात पट्टा दुसऱ्याच्या हाती देताना अनेकांचा हात अडखळतो. आता उन्हाळ्याच्या तोंडावर केस कापायला पुन्हा गर्दी होते आहे आणि जो तो विचारतो, आत कॅमेरा आहे का? विचारायलाच हवं. पण कॅमेरा घडून गेलेलं दाखवतो. घडण्याआधीचं बघायचं तर ग्रूमिंगच्या टेबलाकडे बघावं.

सुरुवात पायांखालून करा. गुळगुळीत टेबलावर किंवा ओल्या टबात कुत्र्याच्या नखांना पकड मिळत नाही. पाय घसरला की तो धडपडतो, धडपडला की माणूस त्याला आवळून धरतो आणि आवळलं की तो आणखी धडपडतो. मारामारी वाटावी अशी झटापट पुष्कळदा अशीच सुरू होते. खाली खडबडीत रबरी मॅट असली की हे चक्र निम्मं तिथेच तुटतं. घरी अंघोळ घालताना जुनी योगा मॅट कापून टाकली तरी चालते.

टेबलाच्या दांडीला लटकणारा फास हे मात्र मला सगळ्यात काळजीचं साधन वाटतं. त्याचं काम डोकं एका जागी ठेवण्यापुरतं. पण कुत्र्याने टेबलावरून उडी मारली तर तोच फास गळफास होतो. ग्रूमर फोन घ्यायला वळला, एवढा वेळही त्याला पुरतो. म्हणून पहिला नियम असा, की फासात अडकवलेल्या कुत्र्याला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. दुसरी गोष्ट फास दांडीला ज्या कडीने अडकवला आहे त्या कडीची. साधा स्प्रिंगचा हुक काढायला दोरी थोडी सैल लागते. कुत्र्याचं सगळं वजन लटकत असेल, तर तो सहजी निघत नाही. झटक्यात सुटणारी कडी वेगळी मिळते आणि ती ताणाखालीही उघडते.

गोठ्यात वावरलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. दावं बांधताना तो सुरगाठ मारतो, म्हणजे जनावर पडलं, अडकलं, तर टोक ओढताच गाठ सुटते. निरगाठ बसली, की विळा शोधायची वेळ येते. शहरातल्या चकचकीत सलूनमध्ये मला नेमकी हीच समज हवी आहे. ग्रूमरला सांगा, हा फास कसा सुटतो ते एकदा करून दाखवा. जो दाखवील त्याच्याकडे मी माझा कुत्रा सोडीन.

पामेरियन किंवा यॉर्कशायर टेरियरसारख्या लहान कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते. पगच्या मानेवर दाब आला तर त्याचा डोळा खोबणीतून बाहेर येऊ शकतो. अशांचा फास नुसता मानेभोवती नको. तो छातीवरून आडवा, एका पुढच्या पायाखालून घ्यावा किंवा सरळ हार्नेस वापरावा. पोटाखालचा पट्टा म्हाताऱ्या कुत्र्याच्या मागच्या पायांना आधार म्हणून असतो. कुत्रा त्याला टांगला जाता कामा नये.

मुसक्याविषयी आपल्याकडे उगाच लाज आहे. आपला कुत्रा चावत नाही हे सांगण्याच्या भरात मालक ग्रूमरची बोटं धोक्यात घालतात. घाबरलेला कुत्रा चावू शकतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. मात्र मुसकं कोणतं, ते बघा. तोंड आवळून बंद करणारी कापडी नळी दोन-चार मिनिटांच्या कामापुरतीच. कुत्रा अंग थंड ठेवतो तो मुख्यतः धापा टाकून. तोंडच बांधलं आणि वर गरम हवेचा ड्रायर लावला, तर उष्माघाताला आपणच वाट करून दिली. जाळीच्या टोपलीसारख्या मुसक्यात जीभ बाहेर येते, पाणी पिता येतं, खाऊही देता येतो. ड्रायरच्या आवाजाला भिणाऱ्या कुत्र्याच्या कानांवरून जुन्या मोज्याची कापलेली नळी हलकेच चढवली तरी बराच फरक पडतो.

या सगळ्यापेक्षा मला मोलाचा वाटतो तो एक डबा. ब्रिटनमधले प्रशिक्षक चिराग पटेल यांनी ‘बकेट गेम’ नावाची पद्धत मांडली. डब्यात खाऊ घालून तो कुत्र्यासमोर ठेवायचा. कुत्रा झडप न घालता नुसता डब्याकडे बघत राहिला, की खाऊ द्यायचा. हे जमलं, की तो बघत असताना हात कानाकडे न्यायचा, पुढे पंजा धरायचा, मग नखं कापायची कात्री नुसती टेकवायची. त्याने नजर वळवली, की हात तिथेच थांबवायचा. पुन्हा डब्याकडे बघितलं, की पुढे जायचं. बघणं म्हणजे ‘चालेल’, मान वळवणं म्हणजे ‘थांब’. गुरगुरण्याच्या आणि चावण्याच्या कितीतरी आधीचं हे ‘थांब’ आहे, आणि ते ऐकलं जातं हे कळलेला कुत्रा निवांत उभा राहू लागतो.

सलूनवाले म्हणतात, एवढा वेळ कुठला? त्यांची अडचण खरी आहे. एका कुत्र्यामागे दुसरा उभा असतो. म्हणून ही तयारी घरी, रोज पाच मिनिटं, आपणच करायची. पहिल्यांदा सलूनमध्ये नेण्याआधी महिनाभर तरी. कायद्याच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही १० ते ५० रुपये आहे. ही रक्कम वाढवावी ही मागणी जुनी आहे आणि ती मान्य व्हायलाच हवी.

डबा मात्र आज रात्रीच जमिनीवर ठेवता येईल. पहिल्या दिवशी कात्री कपाटातच राहू द्या. कुत्रा डब्याकडे बघेल, मग तुमच्याकडे, मग पुन्हा डब्याकडे. तेवढ्यावर खाऊ द्या आणि उठा.