मोटारीतील दातेरी पट्टा

घरची मोटार ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. तथापि तिच्या पोटात काय चालते याविषयी सुशिक्षित कुटुंबांतूनही जे अज्ञान आढळते, त्यात आम्हीही साठी उलटेपर्यंत सुखाने नांदत होतो. गेल्या मार्गशीर्षात आमच्या पुतण्याने जुन्या मारुती ८०० चा टायमिंग बेल्ट घरच्या अंगणातच बदलण्याचा हट्ट धरला, तेव्हा हा विषय आम्हांस अभ्यासावा लागला.

इंजिनाच्या तळाशी दट्ट्यांच्या जोराने फिरणारा दांडा असतो, तो क्रँकशाफ्ट. माथ्याशी झडपा उघडणारा दांडा, तो कॅमशाफ्ट. खालच्याचे दोन फेरे झाले की वरच्याचा एकच व्हावा, आणि तोही नेमक्या क्षणी. खालचा मिनिटास ३००० फेरे घेत असता वरचा १५०० घेतो. म्हणजे प्रत्येक झडप सेकंदास २५ वेळा उघडते व मिटते. चांद्र व सौर वर्षांचा मेळ बसविण्यास आपल्या पंचांगकर्त्यांनी अधिक मासाची सोय केली. येथे तशी सवलत नाही. हा मेळ पूर्वी दातेरी चाके अथवा साखळी राखीत असे. पश्चिम जर्मनीतील ग्लास कंपनीने १९६२ च्या सुमारास आपल्या १००४ या मोटारीत त्या जागी दातेरी रबरी पट्टा घातला, आणि पुढे तो सर्वत्र पसरला. त्याच्या पोटात काचतंतूंचे दोर असतात, म्हणून तो ताणला जात नाही. आवाजही थोडा करतो.

दोष एवढाच की, तुटण्यापूर्वी तो बहुधा सूचना देत नाही. तुटताच वरचा दांडा थबकतो, खालचा मात्र गतीच्या भरात फिरत राहतो. काही इंजिनांत एवढ्यावरच निभावते; काहींत दट्ट्या उघड्या झडपेवर आदळून तिला वाकवितो, आणि मग दुरुस्तीचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. आपले इंजिन कोणत्या जातीचे हे ज्यास ठाऊक नाही, त्याने ते दुसऱ्या जातीचेच समजावे.

आमच्या वडील बंधूंचा या उद्योगास विरोध होता. ‘गाडी वर्षातून चार वेळा गावी जाते, तेवढ्याने पट्टा काय झिजणार?’ हा त्यांचा प्रश्न. परंतु पट्ट्याचे आयुष्य कंपन्या मैलांबरोबर वर्षांतही सांगतात. रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते. झाकण काढल्यावर पट्ट्याच्या पाठीवर बारीक भेगा दिसल्या, आणि बंधू काही न बोलता आत गेले.

कृती थोडक्यात अशी. इंजिन थंड असावे, बॅटरीची ऋण तार सोडावी, मागील चाकांस दगड लावावेत, आणि जॅकवर विसंबून न राहता गाडी लोखंडी घोडीवर टेकवावी. यात हयगय म्हणजे जिवाशी खेळ. बाहेरचा पंख्याचा पट्टा, पुली व झाकण निघाले की स्पार्क प्लग काढून ठेवावेत, म्हणजे दांडा पान्याने हलका फिरतो. तो इंजिनाच्याच दिशेने फिरवून वरच्या व खालच्या चाकांवरील खुणा आपापल्या जागी आणाव्यात. तालास जशी सम, तशी ही जागा. मग ताण देणारी कप्पी सैल करून जुना पट्टा काढावा. नव्यास तेलाचा हात लावू नये, तो मुडपू नये. कप्पी घरघरत असेल किंवा जवळून तेल पाझरत असेल, तर ते आधी दुरुस्त करावे. तेलाने नवा पट्टाही नासतो.

पुतण्याने पट्टा चढविला, बोल्ट आवळले, आणि तो किल्लीकडे वळला. आम्ही हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावयास लावले. वरची खूण एक दात मागे! कारण असे की, कप्पीच्या विरुद्ध बाजूस पट्टा सैल राहिला होता. दांडा फिरताच ती सैल बाजू ओढली गेली.

‘काका, एका दाताने काय होते?’ तो म्हणाला. हात काळे झालेले, ऊन चढलेले, जेवणाची दोन वेळा हाक आलेली.

‘शार्दूलविक्रीडिताच्या चरणात एक अक्षर कमी पडले तर काय होते रे?’

तो हसला नाही, पण पुन्हा बसला. पट्टा काढून, या वेळी ती बाजू प्रथम ताठ ठेवून, शेवटी कप्पीकडे आणला. दोन फेरे झाले, खुणा जुळल्या. आणखी दोन झाले, तरी जुळल्या. मग कप्पीचा बोल्ट कायमचा आवळून प्लग, झाकण, पुली सर्व जागच्या जागी बसविले. सकाळी नऊला आरंभिलेले काम अडीच वाजता संपले. मिस्त्रीने ते याच्या निम्म्या वेळात केले असते, हे आम्ही मान्य करतो.

किल्ली फिरविताच इंजिन पहिल्या झटक्यास सुरू झाले. बंधू ओसरीवर येऊन उभे होते. त्यांनी बदलाची तिथी व किलोमीटरचा आकडा स्वहस्ते एका चिठ्ठीवर लिहून दिला, आणि ती चिठ्ठी पुतण्याने बॉनेटच्या आत चिकटविली. नंतर सर्व जण पानावर बसलो. आमटी दुसऱ्यांदा गरम करावी लागली होती.