नेट हळू चालतंय? कंपनी बदलण्याआधी आठ दिवस वही ठेवा



आजचा विषय आहे घरच्या इंटरनेटचा. बचत गटाच्या कार्यक्रमात हे कुठून आलं, असं कोणाला वाटेल. पण आम्ही समन्वयक गावोगावी बैठकीला जातो तेव्हा हप्त्याच्या हिशेबाआधी एक वाक्य हमखास कानावर पडतं, "ताई, नेटच चालत नाही."

आणि नेट चालल्याशिवाय आता कामं अडतात. सीसीआयला हमीभावात कापूस द्यायचा तर २०२५ पासून 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करावी लागते. ई-पीक पाहणी मोबाइलवरून होते. गटाचे हिशेब लोकोस ॲपवर चढतात. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी ओटीपीवर येऊन थांबते. बीसी सखीच्या यंत्रावर अंगठा ठेवला की पैसे निघतात, पण मधेच नेट तुटलं तर जीव टांगणीला लागतो.

नेट हळू झालं की घरात दोनच गोष्टी होतात. एक तर कंपनीला शिव्या, नाही तर "मोठा प्लॅन घेऊन टाकू" असा निर्णय. आमचं म्हणणं आहे, थोडं थांबा. नळाला धार कमी आली तर आपण लगेच नवीन नळजोडणी घेतो का? आधी पाहतो, तोटी तुंबली, पाइप फुटला, की टाकीतच पाणी नाही. नेटचंही तसंच पाहायचं.

आधी आकडा समजून घेऊ

जाहिरातीत लिहिलेलं असतं, "३० एमबीपीएस", "१०० एमबीपीएस". हा वेगाचा आकडा आहे, पण त्यात एक मेख आहे. वेग मोजतात मेगाबिटमध्ये आणि आपल्या फोटो-कागदांचा आकार असतो मेगाबाइटमध्ये. ८ बिट मिळून १ बाइट होतो. म्हणजे १० एमबीचा सातबारा किंवा पासबुकाचा स्कॅन पाठवायचा तर ८० मेगाबिट पाठवावे लागतात. वेग २ एमबीपीएस असेल तर ४० सेकंद लागतील. ३० एमबीपीएस असेल तर ३ सेकंदांच्या आत काम होईल.

केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ठरवलं की कमीत कमी २ एमबीपीएस वेग असेल तरच त्या जोडणीला ब्रॉडबँड म्हणायचं. त्याआधी ही मर्यादा ५१२ केबीपीएस होती. त्या जुन्या वेगाने तोच कागद जायला अडीच मिनिटांहून जास्त लागतील, आणि तोवर सरकारी पोर्टल आपल्याला बाहेर काढून मोकळं होईल.

दुसरी मेख अशी, की येण्याचा वेग वेगळा आणि पाठवण्याचा वेग वेगळा. सिनेमा पाहायला येण्याचा वेग लागतो, तो डाउनलोड. अर्ज आणि फोटो चढवायला पाठवण्याचा वेग लागतो, तो अपलोड. काही प्लॅनमध्ये हा दुसरा आकडा बराच कमी असतो आणि तो कोणी आपण होऊन सांगत नाही. विचारावा लागतो.

घरात चार मोबाइल आणि एखादा टीव्ही असेल तर ३० एमबीपीएसची जोडणी नीट चालली म्हणजे पुरते. आपल्या कामाला मोठ्या आकड्यापेक्षा न तुटणारं नेट हवं. ओटीपी येईपर्यंत आणि अंगठा लागेपर्यंत ते टिकलं पाहिजे.

दोष कुठे आहे?

तोटी म्हणजे आपलं घर. वायफायचा डबा बहुतेक घरी वायर जिथून आत आली तिथेच, कोपऱ्यात नाही तर लोखंडी कपाटाच्या मागे ठेवलेला असतो. वायफायच्या लहरींना लोखंड, जाड भिंत आणि पाण्याने भरलेली टाकी अडवते. डबा उंचावर, मोकळ्या जागी, घराच्या मधोमध ठेवून पाहा. फायबरची वायर काचेच्या तंतूची असते. ती खिळ्याला गुंडाळू नका, दाराच्या फटीत दाबू नका. जास्त वाकली तरी आतला प्रकाश कमी होतो. आणि पासवर्ड बदला. एकदा पाहुण्याला सांगितलेला पासवर्ड गल्लीतल्या सगळ्या पोरांकडे पोचलेला असतो.

पाइप म्हणजे बाहेरची वायर. डब्यावर लाल दिवा लुकलुकत असेल, तर बहुतेक वेळा बाहेरून प्रकाशच येत नाही असं समजायचं. रस्त्याच्या कामात जेसीबीने वायर तोडलेली असते, नाही तर खांबावरची वायर वादळात किंवा माकडांच्या उड्यांनी तुटलेली असते. इथे घरात काहीही करून उपयोग नाही, तक्रारच करायची.

टाकी म्हणजे कंपनीची ताकद. दिवसा बरं चालतं आणि रात्री ८ ते १० मध्ये रडतं, तर एकाच लाइनवर फार घरं जोडलेली असू शकतात. मोबाइलच्या टॉवरचंही तसंच होतं.

चौथी गोष्ट म्हणजे आपला प्लॅन. महिन्याच्या सुरुवातीला पळतं आणि २० तारखेनंतर रांगतं, तर ठरलेला डेटा संपला असेल. बऱ्याच प्लॅनमध्ये मर्यादा संपली की नेट बंद होत नाही, वेग पाडला जातो.

आठ दिवसांची वही

यातलं नेमकं काय आहे हे अंदाजाने कळत नाही, मोजावं लागतं. दूरसंचार नियामक म्हणजे ट्रायचं 'मायस्पीड' नावाचं ॲप आहे, ते फुकट आहे. आठ दिवस रोज तीन वेळा मोजा: सकाळी, दुपारी आणि रात्री ९ च्या सुमारास. प्रत्येक वेळी दोनदा मोजायचं. एकदा डब्याजवळ उभं राहून, बाकीचे फोन वायफायवरून काढून. दुसऱ्यांदा, आपण रोज जिथे बसून काम करतो तिथे. वहीत तारीख, वेळ, डाउनलोड, अपलोड आणि नेट किती वेळ बंद होतं ते लिहा. मोजण्यातही थोडा डेटा जातो, हे मोबाइलवाल्यांनी लक्षात ठेवावं.

डब्याजवळ चांगलं आणि खोलीत वाईट, तर दोष घरात आहे. कंपनी बदलून पैसे वाया जातील. डब्याजवळही फक्त रात्रीच वाईट, तर दोष टाकीत. दिवसभर वाईट, तर वायर नाही तर डबा. अशी वही हाती असली की लाइनमनशी बोलताना आपण "हळू चालतं हो" म्हणत नाही, "मंगळवारी रात्री ९ वाजता डब्याजवळ ३ एमबीपीएस होतं" असं म्हणतो. मग समोरचाही ऐकतो.

लाइट गेली की डबा बंद, हेही आपल्याकडे नेहमीचंच. वायफायच्या डब्यासाठी छोटा मिनी यूपीएस मिळतो. बीसी सखी किंवा सेवा केंद्र चालवणाऱ्या बाईने तो आधी घ्यावा, वेगाचा मोठा प्लॅन नंतर.

तक्रार कशी करायची

लाइनमनला फोन लावला म्हणजे तक्रार झाली, असं नाही. कंपनीच्या तक्रार केंद्रावर नोंदवा आणि तक्रार क्रमांक मागून वहीत लिहा. क्रमांक नसेल तर कागदोपत्री आपण काही बोललोच नाही. तेवढ्याने काम झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जायचं. ही दोन पायऱ्यांची पद्धत ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार आहे आणि अपिलाला फी नाही. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, म्हणून थेट तिकडे पत्र लिहून थांबू नका.

१९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या मूल्याच्या तक्रारीला तिथेही फी लागत नाही.

आता एक पैशाची गोष्ट. अंगठा लावून पैसे काढताना नेट तुटलं, खात्यातून रक्कम गेली आणि हातात काही आलं नाही, तर त्या दोन बायांमध्ये भांडण नको. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत परत यायला हवी. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. पावती किंवा मेसेज जपून ठेवा आणि आपल्या बँकेत लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याची माहिती १४४४८ वर मिळते.

बदलायचंच ठरलं तर

वहीने सांगितलं की दोष कंपनीकडेच आहे आणि तक्रारीनेही फरक पडला नाही, तर खुशाल बदला. निवड करताना जाहिरात पाहू नका, आपल्या वाडीतली घरं पाहा. शहरात जी कंपनी पळते ती आपल्या गावात पळेलच असं नाही. यवतमाळला राहणाऱ्या भावाचा सल्ला झरी-जामणीतल्या बहिणीला लागू पडत नाही. त्याच कंपनीचं नेट वापरणारी दोन-तीन घरं गाठा आणि रात्री ९ वाजता त्यांच्याच घरी मोजून पाहा.

मग कंपनीच्या माणसाला हे विचारा. वायर तुटली तर दुरुस्तीला माणूस कुठून येतो? पाठवण्याचा वेग किती? डेटाची मर्यादा किती, आणि ती संपल्यावर वेग किती राहतो? जोडणीचे आणि डब्याचे पैसे वेगळे आहेत का, डबा परत केल्यावर अनामत मिळते का? किमतीत जीएसटी धरला आहे का? नेटवर १८ टक्के जीएसटी असतो, म्हणजे ४९९ चा प्लॅन हातात पडेपर्यंत ५८९ चा होतो. आणि पहिल्यांदा एकाच महिन्याचे पैसे भरा. वर्षाचे एकदम भरले की स्वस्त पडतं खरं, पण नेट चाललं नाही तर आपण वर्षभर बांधले जातो.

फायबर गावात नसेल तर टॉवरवरून घरात येणारं बिनवायरीचं नेट, म्हणजे एअरफायबर, काही ठिकाणी मिळतं. ते टॉवरच्या ताकदीवर चालतं, म्हणून आपल्याच छपराखाली चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

मोबाइलची कंपनी नंबर तोच ठेवून बदलता येते. पोर्ट हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून, जागा सोडून आपला नंबर लिहा आणि १९०० वर मेसेज पाठवा. येणारा कोड घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात स्वतः जा. हा कोड साधारण ४ दिवस चालतो. सिम घेऊन ९० दिवस झालेले असावेत. हा कोड फोनवर कोणालाही सांगू नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा. घरच्या वायरच्या नेटला मात्र अशी सोय नाही, तिथे नवी जोडणीच घ्यावी लागते. म्हणून नवी नीट सुरू होईपर्यंत जुनी बंद करू नका. आणि घरात फायबर एका कंपनीचं असेल तर मोबाइलचं सिम दुसऱ्या कंपनीचं ठेवा. एक बंद पडलं तर दुसरं कामी येईल.

एकटीचं नाही, गटाचं काम

गावापर्यंत फायबर नेण्याची सरकारी योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली. तिचं नाव पुढे भारतनेट झालं, आणि आपल्या राज्यात दुसऱ्या टप्प्याचं काम महानेट नावाने झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुमारे १ लाख ३९ हजार कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. त्यात ग्रामपंचायती कड्यासारख्या गोल जोडायच्या आहेत. एका बाजूची वायर तुटली तरी दुसऱ्या बाजूने नेट चालू राहावं, असा त्याचा हेतू.

आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातलं हरिसाल २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून देशभर गाजलं. पुढे २०१९ च्या निवडणुकीत तिथल्या सोयी चालतात की नाही यावरूनच वाद पेटला. यातून आपण एवढं घ्यावं, की नेट गावात आलं म्हणजे काम संपत नाही. ते आज चालू आहे का, हे विचारणारं माणूस गावातच लागतं.

ते माणूस म्हणजे आपले गट. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, ती कागदावर होऊ देऊ नका. तिथे विचारा: ग्रामपंचायतीत भारतनेटचा डबा लागला आहे का? चालू आहे का? त्यावरून घराघरांत, शाळेत, अंगणवाडीत जोडणी मिळते का? बंद असेल तर कोणाला आणि कधी कळवलं? उत्तर ठरावात लिहून घ्या.

कंपनीशीही गटानेच बोला. एका बाईची वही म्हणजे एक तक्रार. एकाच वाडीतल्या दहा बायांच्या वह्या एकत्र ठेवल्या, तर लाइनच खराब आहे हे कंपनीला नाकारता येत नाही. आणि दहा घरं एकदम जोडणी घेणार असतील तर जोडणीचे पैसे कमी करा, असं म्हणायलाही जोर येतो. दहा-दहा रुपये जमवून आपण बँकेला आपल्या दारात आणलं. नेटवाल्याला आणणं त्याहून अवघड नाही.

तर या बैठकीत प्रत्येकीने एक पान आखून घ्या. पुढच्या बैठकीला आठ दिवसांचे आकडे घेऊन या, सगळ्या मिळून वाचू.