मुंबईत भाजी, पापड विकायला नेताय? प्लास्टिक पिशवी सोडणं परवडतं का, हिशेब बघा

मुंबई उपनगर : डहाणू, पालघरकडून पश्चिम रेल्वेने, तर कसारा, आसनगाव, कर्जतकडून मध्य रेल्वेने भाजी, फुलं, रानभाज्या, पानं घेऊन विक्रेते उपनगरांत उतरतात. बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपर इथं बचत गटांचे पापड-मसाल्यांचे स्टॉलही लागतात. माल गावचा, कष्ट घरचे. पण तो गिऱ्हाईकाच्या हातात कशात घालून द्यायचा, यावर दिवसाची कमाई राहते की जाते हे ठरू शकतं.

नियम काय आहे?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई बुडाली. गटारं, नाले तुंबायला प्लास्टिक पिशव्यांचाही हात होता. पुढं २३ मार्च २०१८ ला राज्य सरकारने प्लास्टिक पिशव्या आणि थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदीची अधिसूचना काढली. २३ जूनपासून प्रत्यक्ष कारवाई सुरू झाली.

दंड असा :

- पहिल्यांदा सापडल्यास ५,००० रुपये
- दुसऱ्यांदा १०,००० रुपये
- तिसऱ्यांदा २५,००० रुपये आणि ३ महिन्यांपर्यंत कैद

अंधेरीत पालिकेचे के पूर्व आणि के पश्चिम, बोरिवलीत आर मध्य, मुलुंडला टी, तर घाटकोपरला एन विभाग कार्यालय आहे. विभागांची पथकं बाजारात फिरतात.

'१२० मायक्रॉनची आहे, चालते' यावर विसंबू नका

पिशव्या विकणारे असं सर्रास सांगतात. १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी नको, हा केंद्राचा नियम ३१ डिसेंबर २०२२ पासून आहे. पण महाराष्ट्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत कॅरीबॅगवरची बंदी जाडी बघून घातलेली नाही. बंद असलेली असो वा बिनबंदांची, दोन्ही त्यात येतात. कापडासारखी दिसणारी रंगीत, मऊ पिशवी बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते.

आता हिशेब

समजा, एक गट दर रविवारी मुलुंडला बसतो आणि २०० गिऱ्हाईकं करतो. समजा, पातळ प्लास्टिक पिशवी ५० पैशांना, कागदी पिशवी २ रुपयांना पडते.

- सगळ्यांना प्लास्टिक पिशवी : आठवड्याला १०० रुपये
- सगळ्यांना फुकट कागदी पिशवी : ४०० रुपये, म्हणजे वर्षाच्या ५२ रविवारी १५,६०० रुपये जादा
- निम्म्या गिऱ्हाईकांनी घरची पिशवी आणली तर : २०० रुपये, म्हणजे वर्षाला ५,२०० रुपये जादा
- घरची न आणणाऱ्याकडून पिशवीचे २ रुपये घेतले तर : गटाचा खर्च शून्य, उलट प्लास्टिकवर जाणारे आठवड्याचे १०० रुपयेही वाचले

प्लास्टिकच्या जागी तेवढ्याच कागदी पिशव्या फुकट वाटल्या तर धंदा तोट्यात जातो. फायदा आहे तो पिशव्या कमी देण्यात. "पिशवी आणली का?" हे आधी विचारायचं, नसेल तर पैसे सांगून द्यायची. उपनगरात बरीच गिऱ्हाईकं दर आठवड्याची ठरलेली असतात. दोन-तीन रविवारी विचारलं की घरून पिशवी आणायची सवय लागते. आणि निम्म्यांनाच फुकट पिशवी दिली, तरी वर्षभराचा जादा खर्च जवळपास एका दंडाएवढाच होतो.

पॅकिंग बदललं की माल टिकतो का?

पालेभाजी तोडल्यावरही श्वास घेत असते. बंद प्लास्टिकमध्ये तिला घाम सुटतो, पाणी साचतं आणि पानं सडू लागतात. म्हणून जुडी केळीच्या सोपटाने किंवा सुतळीने बांधून, ओलसर गोणपाटाखाली ठेवणं बरं. फुलं पळसाच्या पानात बांधायची पद्धत जुनीच आहे. पान ओलावा धरतं आणि वाऱ्याने फुलं लवकर सुकत नाहीत. आंबा, चिकूसाठी भोकं असलेलं पुठ्ठ्याचं खोकं हवा खेळती ठेवतं. रोजच्या वाहतुकीला क्रेट घेतले तर सुरुवातीला पैसे जातात, पण तेच पुन्हा पुन्हा वापरता येतात.

वर्तमानपत्राचा कागद मात्र खाण्याच्या पदार्थाला नको. भजी असोत की चिवडा, छपाईच्या शाईतली रसायनं अन्नात उतरतात. अन्न सुरक्षा नियमांनीही त्याला मनाई आहे.

कुठे घाई करू नये?

पापड, लोणचं, चटणी, मसाला यांना ओलावा आणि हवा लागली की माल गेला. साध्या कागदात ते टिकणार नाहीत. उत्पादनाच्या जागीच सीलबंद केलेल्या पॅकिंगला कॅरीबॅगपेक्षा वेगळे नियम आहेत, तेव्हा तिथं घाबरून बदल करायची गरज नाही. काचेची बरणी चांगली, पण जड आणि फुटणारी. लोकलच्या गर्दीत ती नेणं सोपं नाही. ठरलेल्या गिऱ्हाईकाकडून बरणी परत येत असेल तरच ती परवडते.

'बायो' लिहिलेली पिशवी घेताना

पिशवीवर नुसतं हिरवं पान छापलेलं असून भागत नाही. कंपोस्ट होणाऱ्या पिशवीसाठी आयएस १७०८८ हे मानक आहे आणि ती बनवणाऱ्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. विक्रेत्याकडून त्याची प्रत मागून घ्या, पक्कं बिल जपून ठेवा. अशी पिशवीही गटारात पडल्या पडल्या विरघळत नाही. कंपोस्ट व्हायला तिला योग्य उष्णता आणि ओलावा लागतो.

सुरुवात कशी करायची?

- एका बाजारच्या दिवशी किती पिशव्या जातात ते मोजून लिहा.
- पालेभाजी, फुलं, फळं यांचं पॅकिंग आधी बदला, सीलबंद मालाचं नंतर बघा.
- कागदी किंवा कापडी पिशवीचा दर पाटीवर लिहून लावा, म्हणजे वाद होत नाही.
- गावातल्या शिवणकाम करणाऱ्या बायांकडून जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून घ्या. पिशवीचे पैसे गावातच राहतात.
- महिन्याने खराब झालेला माल आणि पिशव्यांचा खर्च पुन्हा मांडा. आकडे जुळले तरच पुढचं पॅकिंग बदला.