उलुरूचा उंबरठा

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी, तांबड्या वाळवंटात उलुरू हा ३४८ मीटर उंचीचा खडक उभा आहे. तेथील मूळ रहिवासी अनांगू यांच्यासाठी तो पूर्वजांच्या कथांचा आणि धर्मनियमांचा ठेवा होय. १९८५ साली ही भूमी कायद्याने त्यांना परत मिळाली; त्यांनी ती राष्ट्रीय उद्यानासाठी भाडेपट्ट्याने दिली.

‘कृपया चढू नका’ ही त्यांची विनंती मात्र पर्यटक वर्षानुवर्षे डावलत राहिले. चढाईत तीसहून अधिक जण दगावले. आपल्या भूमीवर पाहुण्याचा जीव जावा, हे अनांगूंच्या जिव्हारी लागे. माथ्यावर शौचालय नसल्याने तेथील घाण पावसाबरोबर पायथ्याच्या पाणवठ्यांत उतरे. वाळवंटात पाणवठा नासला की जगण्याचा आधारच नासतो.

उद्यानाच्या प्रवेशशुल्कात अनांगूंचा वाटा असतो. तरीही अनांगूंचे बहुमत असलेल्या उद्यान मंडळाने २०१७ मध्ये चढाई बंद करण्याचे ठरवले आणि २६ ऑक्टोबर २०१९ रोजी ती कायमची थांबली. पर्यटन थांबले नाही. आजही पाहुणे पायथ्याभोवतीची सुमारे दहा किलोमीटरची वाट चालतात, अनांगू वाटाड्यांकडून कथा ऐकतात आणि पवित्र स्थळांपाशी कॅमेरा खाली ठेवतात.

यजमानाचा उंबरठा ओळखून थांबणे, हीच खऱ्या प्रवाशाची मर्यादा.