खांद्याच्या ऑपरेशनआधी डाव्या हाताने जेवून पाहा

आमच्या पेठेतले एक किराणा दुकानदार, वय साठीच्या आसपास, उजव्या खांद्याच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात दवाखान्यात आले ते हात मोकळा सोडूनच. झोळी कुठे आहे विचारले, तर म्हणाले, "डॉक्टर, दुखायचं थांबलं. मग गळ्यात अडकवून कशाला बसू?" बाहेर पेशंटची रांग होती. "जरा जपा" एवढेच म्हणून मी पुढच्या पेशंटकडे वळलो. चार दिवसांनी त्यांनी फळीवरचा तेलाचा १५ किलोचा डबा उतरवला आणि शिवलेला स्नायुबंध पुन्हा फाटला. त्या दिवशी मी आणखी दोन मिनिटे द्यायला हवी होती. तेव्हा न बोललेले आज लिहितो आहे.

खांद्याचा सांधा म्हणजे मोठा चेंडू आणि उथळ बशी. चेंडू बशीत धरून ठेवण्याचे काम चार स्नायूंचे बंध करतात. त्यांना रोटेटर कफ म्हणतात. वयाबरोबर ते झिजतात, कधी एखाद्या हिसक्याने फाटतात. ऑपरेशनमध्ये फाटलेला बंध हाडाला पुन्हा शिवतात, बहुधा दुर्बिणीतून. बाहेर दोन-चार लहान टाके दिसतात, म्हणून घरच्यांना ऑपरेशनही लहान वाटते. पण दोरा नुसता धरून ठेवतो. हाडाशी पुरेशी पकड यायला सुमारे १२ आठवडे लागतात आणि दुखणे त्याच्या कितीतरी आधी कमी होते. गफलत होते ती इथेच.

तयारी आधीच सुरू करावी. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणा. विडी, तंबाखू, मिश्री निदान महिनाभर आधी सोडा. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात व जखम भरायला वेळ लागतो. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नका, पण ती घेता हे भूलतज्ज्ञांना जरूर सांगा. उपाशीपोटी या म्हटले की "फक्त चहा घेतला" म्हणणारे हटकून भेटतात. दुधाचा चहा भूलतज्ज्ञांच्या हिशेबी अन्नच!

घरातही पाहून घ्या. एका हाताने पायजम्याची किंवा परकराची नाडी बांधता येत नाही. इलॅस्टिक घालून घ्या. समोरून बटणे असलेले सैल कपडे काढून ठेवा. घालताना ऑपरेशनची बाही आधी, काढताना शेवटी. उकिडवे बसून उठताना हाताचा टेकू लागतो, म्हणून कमोड किंवा कमोडची खुर्ची बरी. उजवा खांदा असेल तर आठ दिवस आधीपासून डाव्या हाताने जेवून पाहा. आपल्याकडे याचा संकोच वाटतो, पण देवाची याला हरकत नसावी.

ऑपरेशनच्या वेळी मानेजवळ इंजेक्शन देऊन हात बधिर करतात. ही बधिरता बहुधा १२ ते २४ तास टिकते आणि उतरते ती नेमकी मध्यरात्री. तोवर थांबू नका. मुंग्या येऊ लागताच, किंवा त्याआधीच, लिहून दिलेली गोळी घ्या. पहिले काही आठवडे आडवे झोपवत नाही. पाठीशी उशांची उतरण करा किंवा आरामखुर्चीत झोपा. कोपर मागे पडू नये म्हणून त्याखाली घडी घातलेली चादर ठेवा.

झोळी साधारण चार ते सहा आठवडे, झोपेतसुद्धा. सर्जनांनी सांगितल्याशिवाय ती सोडायची नाही. बोटे, मनगट मात्र पहिल्या दिवसापासून हलवावीत, आणि सर्जनांची हरकत नसेल तर कोपरही; नाहीतर हात सुजतो, आखडतो. खांद्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्ट सांगतील तेव्हा आणि तेवढाच. शेजारी तेल चोळून हात ओढून देणारे कोणी असेल, तर त्यांना चहा पाजून परत पाठवा.

ताप आला, जखमेतून पू आला, बोटे निळी पडली, बधिरता दुसऱ्या दिवसानंतरही गेली नाही, तर त्याच दिवशी सर्जनांना दाखवा. पोटरी सुजून दुखू लागली तरी तसेच. छातीत दुखले वा दम लागला, तर तडक रुग्णालय गाठा.

आमच्या दुकानदारांचे दुसरे ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. तेलाचे डबे त्यांनी खाली जमिनीवर उतरवून घेतले आहेत, मुलाकडून. परवा तक्रार घेऊन आले, डाव्या हाताने वरणभात खाताना निम्मा सदऱ्यावर सांडतो. मी म्हटले, "अजून आठ दिवस आहेत."