गच्चीवरचं काशीफळ का गळत होतं? नीटच्या अभ्यासाला बसलेल्या भाच्यानं शोधलेलं उत्तर

अर्धापूर : माझ्या मोठ्या बहिणीनं दोन वर्षांपासून नांदेडला तरोडा नाक्याजवळ दोन खोल्या किरायानं घेतल्यात. लेकराच्या नीटच्या क्लाससाठी. दाजी गावाकडं केळी अन् हळद बघतात, बहीण तिकडं डबा करते. अशी घरं आपल्या तालुक्यात आता गावोगाव आहेत, कोणाची नांदेडला, कोणाची लातूरला.

शेतकऱ्याच्या घरातली बाई रिकामी कशी बसणार? घरमालकाला विचारून तिनं गच्चीवर निळे ड्रम अर्धे कापून ठेवले, गावाकडून माती अन् शेणखत नेलं. कारलं, मिरची अन् काशीफळ लावलं. काशीफळ म्हणजे लाल भोपळा, काही गावांत डांगर म्हणतात. वेल असा झाला की अर्धी गच्ची झाकली. फुलं पिवळीधमक. पण फळ लिंबाएवढं झालं की पिवळं पडायचं अन् गळायचं.

ऑगस्टात भाच्यानं व्हॉट्सॲपवर फोटो टाकला. "मामा, सगळी फळं गळायलीत. काय करावं?"

मी शेतकरी, त्यात बातम्या लिहिणारा. उत्तर तोंडातच तयार. म्हणलं, बोरॉन कमी पडलंय, पाणी जास्त झालंय, एक टॉनिक मार. नुसतं सांगितलं नाही, एक बाटली येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातानं पाठवूनही दिली. गळ दिसली की आपल्याला आधी दुकान आठवतं. आठ-दहा दिवसांनी परत फोटो. फळं तशीच गळायलेली.

मग एक दिवस त्याचाच फोन आला. "मामा, औषधाचं काही नाही. माशीच येत नाही गच्चीवर. बारावीच्या बायोलॉजीच्या पहिल्याच धड्यात आहे हे. मी तो धडा वीस वेळा वाचलाय, पण वेलाकडं बघून कधी डोक्यात आलं नाही."

त्यानं जे सांगितलं ते मी इथं आपल्या भाषेत मांडतो. आपल्यातल्या किती तरी जणांनी जन्मभर वेल लावले, पण हे नीट बघितलेलं नाही. मी तरी नव्हतं.

काशीफळाच्या एकाच वेलावर दोन प्रकारची फुलं येतात. नर फूल लांब, सरळ देठावर असतं, आत मधोमध एक दांडी अन् तिच्यावर पिवळी भुकटी. ही भुकटी म्हणजे पराग. मादी फुलाच्या खाली आधीपासूनच बारकं गोल फळ असतं. त्यालाच आपण फळ लागलं म्हणतो, पण ते लागलेलं नसतं. नर फुलातली भुकटी मादी फुलाच्या मधल्या चिकट भागावर पडली, तरच आत बी धरतं, अन् बी धरलं तरच फळ वाढतं. नाही पडली तर वेल ते फळ टाकून देतो. थोडीच पडली तर फळ एका बाजूनं फुगतं, दुसऱ्या बाजूनं आकसतं. बाजारात वाकडी काकडी, वाकडं कारलं दिसतं, त्यातल्या पुष्कळांचं कारण हेच.

वारा हे काम करू शकत नाही, कारण काशीफळाचा पराग जड अन् चिकट असतो. ज्वारी-मक्याचा पराग हलका, तो वाऱ्यानं जातो. काशीफळाला कोणीतरी अंगाला लावून नेणारं पाहिजे, म्हणजे मधमाशी किंवा भुंगा. आणि वेळ फार थोडी. मादी फूल एकच सकाळ उघडतं. दिवस उगवायच्या सुमाराला उमलतं अन् दुपारच्या आत मिटतं. तेवढ्या वेळात कोणी आलं नाही तर ते फळ गेलं.

मग पोरानं माशीचं काम स्वतः केलं. सकाळी सातच्या आत गच्चीवर जायचं. ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या काढून टाकायच्या अन् मधली दांडी मादी फुलाच्या मधोमध सगळीकडून हळूच फिरवायची. एका मादी फुलाला दोन-तीन नर फुलं वापरली तर चांगलं. पाऊस पडून भुकटी भिजली असेल तर त्या दिवशी उपयोग नाही. खर्च शून्य. पहिल्या आठवड्यात पाच फुलांना केलं, त्यातली तीन फळं टिकली.

मिरचीला हा त्रास नव्हता, कारण तिच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात अन् वाऱ्यानं हललं तरी बरंचसं काम होतं. टमाटा, वांग्याचंही तसंच, पण त्यांचा पराग बारीक छिद्रातून बाहेर पडतो, फूल थरथरलं की जास्त पडतो. काळा भुंगा फुलाला धरून गुणगुण करतो, ते त्याचसाठी. साध्या मधमाशीला ती कला नाही. गच्चीवर टमाटा असेल तर फुलाच्या दांडीला टिचकी मारली तरी चालतं.

आता भाच्याबद्दल थोडं सांगावं लागेल, त्याच्याशिवाय ही गोष्ट अर्धी राहील. बहिणीला विचारूनच लिहितोय.

तो रिपीटर आहे. पहिल्या वेळेस मार्क कमी पडले. 720 मार्कांचा पेपर, त्यात 360 नुसत्या बायोलॉजीचे. 2024 ला देशात 23 लाखांवर पोरं या परीक्षेला बसली, अन् एमबीबीएसच्या सगळ्या जागा, खासगी धरून, 1 लाख 10 हजारांच्या आसपास. म्हणजे बहुतेकांना जागा मिळणारच नव्हती, कितीही अभ्यास केला तरी. हा हिशेब क्लासच्या फलकावर नसतो. तिथं फक्त लागलेल्यांचे फोटो असतात.

जूनपासून पोरगं बदललं होतं. रात्री तीनपर्यंत जागं, सकाळी दहाला उठायचं. टेस्टचा रँक मोबाईलवर ग्रुपमध्ये यायचा, तो बघून दिवसभर तोंड पाडून बसायचं. जेवण अर्धं. मित्रांचे फोन उचलायचं बंद. बहिणीला वाटलं आळस भरलाय. मला वाटलं मोबाईलचं खूळ. दाजी म्हणायचे, "एवढा खर्च करायलोय, त्याला काय कमी हाय?" कमी काय आहे ते आम्ही कोणीच विचारलं नाही. शेवटी बहिणीनंच हिंमत केली अन् त्याला मानसोपचाराच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं गोळ्या थोड्या दिल्या, बोलले जास्त. झोपेची वेळ बांधून दिली, अन् दिवसातून एक काम असं करायला सांगितलं ज्याचा मार्कांशी संबंध नाही.

ते काम पुढं गच्चीवर सापडलं. सात वाजता फूल उघडं मिळायचं तर साडेसहाला उठावं लागतं, त्यासाठी अकरा-साडेअकराला झोपावं लागतं. फूल कोणाची वाट बघत नाही. वेलामुळं पोरगं बरं झालं असं मी म्हणणार नाही, तसं लिहिणं खोटं होईल. उपचार चालू आहेत, मधे वाईट दिवसही येतात. पण आता तो फोन करतो तेव्हा रँक सांगत नाही, किती फुलं उमलली ते सांगतो.

ज्यांची लेकरं अशी बाहेर आहेत त्यांच्यासाठी एक नंबर : 14416. टेली मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. फोन फुकट, दिवस-रात्र, मराठीत बोलता येतं, लेकरू स्वतः करू शकतं अन् आईबापही. नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे. तिथं गेलं म्हणजे कोणी वेडं ठरत नाही. पोरगं "मी नसलो तर बरं होईल" असलं काही बोललं, तर त्याला एकटं सोडू नका अन् त्याच दिवशी दवाखाना गाठा.

परत गच्चीकडं. माशी का येत नव्हती?

आपल्याकडच्या मधमाश्या वेगवेगळ्या. आग्या मोहोळ सगळ्यांना माहीत आहे, पाण्याच्या टाक्या अन् उंच इमारतींना लटकतं, ते पेटीत पाळता येत नाही. सातेरी झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत राहते, ती पेटीत राहते. फुलोरी बारीक, झुडपात एकच पोळं करते. सातेरी साधारण किलोमीटर-दीड किलोमीटरच्या आत चरते, आग्या माशी त्याहून लांब जाते. आता त्या गल्लीत एक-दीड किलोमीटरात काय आहे? सिमेंटचे रस्ते, शोभेची पाम अन् पार्किंग. एका गच्चीवरच्या दहा फुलांसाठी माशी एवढ्या लांब येत नाही. तिला चरायला रान पाहिजे. त्यात बहिणीच्या शेजारच्या इमारतीला आग्या मोहोळ होतं, ते उन्हाळ्यात धूर अन् औषध मारून पाडलं. लोकांचंही चुकलं म्हणवत नाही, लहान लेकरं होती. पण जाळण्याऐवजी जाणकार माणूस बोलावून पोळं हलवता येतं. पुण्यात असं काम करणारे लोक आहेत. सातेरीचं पोळं तर पेटीत भरून शेतावर नेता येतं.

शहराची हवाही आडवी येते. बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी आग्या माश्यांवर केलेला अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. जास्त प्रदूषणाच्या भागात माश्या फुलावर कमी दिसल्या, अन् तिथून पकडून आणलेल्यांतल्या 80 टक्क्यांहून जास्त एका दिवसात मेल्या. फुलं कोणती, तर पिवळ्या घंटेची, जी आपल्याकडं प्रत्येक शाळेच्या कंपाउंडला असते.

हे वाचून शहरालाच नावं ठेवायला मी बसलो होतो. पण त्याच वर्षी जर्मनीतला दुसरा अभ्यास आला, अन् तो आपल्याला लागणारा आहे. तिथं नऊ शहरं अन् त्यांच्या शेजारची शेती तपासली. शहरातल्या बागांत माश्यांच्या जाती जास्त निघाल्या अन् फुलांवर फेऱ्याही जास्त. रेड क्लोव्हर नावाच्या चाऱ्याच्या झाडाला बी शहरात जास्त धरलं, शेताच्या भागात कमी. शहरात बागा, झाडं, रिकाम्या जागा असतील तर माशी तिथं टिकते, अन् एकाच पिकाच्या शिवारात उपाशी राहते.

आपलं शिवार बघा. इसापूरच्या कालव्याच्या पाण्यावर आपण केळी अन् हळद वाढवली. या दोन्ही पिकांना माशीची गरज नाही! केळी परागाशिवायच धरते, म्हणून तिच्यात बी नसतं, नुसते काळे ठिपके असतात. हळद आपण बेण्यावरून लावतो, बियावरून नाही. सोयाबीन, हरभरा, गहू बहुतेक आपल्याआप भागवतात. म्हणून माशी कमी झाली तरी अर्धापूरच्या शेतकऱ्याला पत्ता लागत नाही. पत्ता लागतो तो टरबूज, खरबूज, कारलं, काकडी लावणाऱ्याला अन् कांद्याचं बी धरणाऱ्याला. लातूरकडं अन् आपल्याकडंही पूर्वी सूर्यफूल मोठं असायचं, त्यात माशी नसली की कणसात पोकळ दाणे जास्त. टरबुजाला तर एका फुलावर माशीच्या अनेक फेऱ्या लागतात. डाळिंबवाले म्हणूनच पेट्या भाड्यानं आणतात.

आता माझी चूक. मागच्या उन्हाळ्यात वीस गुंठे कारलं होतं. फुलकिडे आले म्हणून मी सकाळी आठ वाजता फवारा धरला, कारण उन्हात फवारणी नको अन् मजूर सकाळीच मिळतो. आठ म्हणजे कारल्याचं फूल पूर्ण उघडं अन् माशीची गर्दी. पुढचे पंधरा दिवस माल निम्म्यावर आला अन् जो आला तो वाकडा. मी बियाण्याला शिव्या दिल्या. औषधाच्या माहितीपत्रकावर मधमाशीची सूचना बारीक अक्षरात होती, ती मी भाच्याच्या फोननंतर वाचली. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही औषधं माशीला फार घातक. युरोपात 2018 मध्ये उघड्या शेतावर त्यांचा वापर बंद केला.

फवारायचंच असेल तर फूल कधी उघडं असतं ते आधी बघा. काशीफळ, कारलं, काकडी, टरबूज सकाळी उघडतात, त्यांना दिवस मावळतीला फवारा. दोडका उलटा, तो दुपार कलल्यावर उमलतो, त्याला सकाळी. दुधीचं फूल रात्रभर उघडं असतं, तिथं फुलं मिटल्याची खात्री करूनच. दोडका अन् कारलं एकाच मांडवावर असेल तर दोन वेळा जावं लागेल, त्याला इलाज नाही. बांधावर शेवगा, करंज, जांभूळ, एखादी बोर राहू द्या. वाळलेलं लाकूड सगळंच सरपणाला नेऊ नका, भुंगा त्यात भोक पाडून राहतो. पेटी ठेवायचा विचार असेल तर पुण्याला 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथं प्रशिक्षण मिळतं. सातारा जिल्ह्यातलं मांघर 2022 मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. पण ते डोंगराचं गाव, भोवती जंगल. आपल्याकडं पेटी आणून केळीत ठेवली अन् शेजारी सकाळी फवारत राहिला, तर पेटीचे पैसे बुडाले समजा. आधी चार शेजाऱ्यांनी फवारणीची वेळ ठरवावी लागेल.

माझ्या बांधाला बांध असलेल्या दोघांशी बोललोय. एक हो म्हणाला. दुसरा म्हणाला, सायंकाळी लाईट कुठं असती टाकी भरायला? त्याचंही खरं आहे. सकाळी टाकी भरून ठेवायची अन् औषध संध्याकाळी मिसळायचं, असं सध्या ठरलंय. बघू.

नांदेडच्या गच्चीवरची दोन काशीफळं बहिणीनं कापली, एक घरमालकाकडं गेलं. चौथं अजून वेलावर आहे, ते बियाण्याला ठेवायचं म्हणते. भाच्यानं त्याच्या देठाला दोरा बांधून तारीख लिहून ठेवलीय.